निमज्जित सीमा पद्धत

निमज्जित सीमा पद्धत ही द्रायूत (द्रवात किंवा वायूत) बुडालेली लवचीक वस्तू आणि तिच्याभोवतीचा प्रवाह या दोहोंचे एकत्रित गणन करणारी संख्यात्मक पद्धत आहे. अमेरिकन गणितज्ञ चार्ल्स पेस्किन यांनी हृदयाच्या झडपांभोवतीच्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करताना १९७२ मध्ये ती मांडली.

झडपेच्या पातळ पाकळ्या रक्ताच्या रेट्याने उघडतात, आणि मिटल्यावर त्याच रक्ताची परतीची वाट अडवतात. त्यामुळे पाकळीची हालचाल आधी ठरवून प्रवाह काढता येत नाही आणि प्रवाह आधी काढून पाकळीची जागाही ठरवता येत नाही. वस्तूच्या कडेला जुळवून गणनेची जाळी आखावी, तर वाकणाऱ्या पाकळीमुळे ती वारंवार नव्याने आखावी लागते. पाकळ्या एकमेकींना टेकल्या की मधली जाळी चेपून निरुपयोगी होते.

कार्यपद्धती

पेस्किन यांनी जाळी हलवलीच नाही. रक्तासाठी चौकोनी घरांची स्थिर जाळी घेतली जाते. पाकळी म्हणजे तिच्यावरून मुक्तपणे सरकणारी, स्प्रिंगसारख्या दुव्यांनी जोडलेली बिंदूंची साखळी. दुवे ताणले गेले की निर्माण होणारे बल जवळच्या जाळीबिंदूंवर वाटले जाते. रूढ सूत्रात द्विमितीय गणनेत असे १६ आणि त्रिमितीय गणनेत ६४ जाळीबिंदू येतात. या बलांसह नेव्हिए-स्टोक्स समीकरणे सोडवून प्रवाहाचा वेग मिळतो आणि त्याच वेगाने पाकळीचे बिंदू पुढे सरकवले जातात. ऊती व रक्त यांची घनता जवळपास सारखी असल्याने पाकळीचे जादा वस्तुमान धरावे लागत नाही. ही सोय हवेत फडफडणाऱ्या झेंड्याला अर्थातच मिळत नाही.

उपयोग व मर्यादा

डेव्हिड मॅक्वीन यांच्यासह पेस्किन यांनी पुढे हृदयाचे त्रिमितीय प्रारूप उभारले आणि वक्र पाकळ्यांच्या कृत्रिम झडपांच्या रचनेसाठीही ही पद्धत वापरली. १९८८ मध्ये लिसा फाउची व पेस्किन यांनी ती जलचरांच्या पोहण्याला लावली.

वस्तू जितकी ताठर, तितके काळाचे टप्पे बारीक घ्यावे लागतात आणि गणन लांबते. आरंभीच्या गणनांत रेनॉल्ड्स क्रमांकही प्रत्यक्ष हृदयापेक्षा कमी ठेवावा लागे. अधिक गंभीर अडचण अशी की, बल अनेक जाळीबिंदूंवर पसरल्याने वस्तूची कड धूसर होते. कृत्रिम झडपेमुळे रक्तपेशींना इजा होईल का, गुठळी धरेल का, हे मात्र बऱ्याच अंशी कडेलगतच्या प्रवाहावरच अवलंबून असते. यासाठी अलेक्सांद्रे रोमा, पेस्किन व मार्शा बर्गर यांनी १९९९ मध्ये कडेजवळ जाळी आपोआप बारीक करणारी सुधारित आवृत्ती मांडली.