इमू, आईच्या पाटल्या आणि पाचचा पाढा

मामाच्या घरी शोकेसमध्ये एक अंडं आहे. गडद हिरवं, काळपटच म्हणा ना, आणि एका हातात नीट मावत नाही एवढं मोठं. शेजारी तुळजाभवानीचा फोटो आणि माझा पदवीदानाचा. नवीन पाहुणा हमखास विचारतो, "हे काय हो?" आणि मामा चहाचं बघायला आत जातो.

तर त्या अंड्याची गोष्ट.

डिसेंबर २००९. मी तेव्हा सातवीत. नाताळच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून मामाकडे गेलो होतो, तुळजापूर तालुक्यात. (जिल्हा तेव्हा उस्मानाबाद. धाराशिव हे नाव सरकारदरबारी २०२३ मध्ये लागलं, आजी मात्र कायम धाराशिवच म्हणायची.) एक जीप, अकरा माणसं, दोन डबे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी देवीचं दर्शन, दुपारी नळदुर्गचा किल्ला. तिथला नर-मादी धबधबा कोरडा ठणठणीत, त्यामुळे पोरांची तोंडं उतरलेली. मग मामा म्हणाला, "चला, आता खरी गंमत दावतो."

हायवे सोडून मातीच्या रस्त्याने आत गेलो. जाळीचं उंच कुंपण आणि आत तीस-चाळीस इमू! माणसाएवढी उंची, पाठीवर कडब्याची पेंढी विस्कटावी तशी पिसं, पायाला तीन बोटं. मादीच्या गळ्यातून ढम् ढम् असा आवाज यायचा, लांब कुठेतरी संबळ वाजतंय असं वाटे. चकाकणारी वस्तू दिसली की चोच मारतात. एकाने जाळीतून मान काढून आईच्या पाटलीवरच चोच मारली. सगळे हसले, आई पण.

फार्मचा मालक मामाच्या ओळखीचा. तो सांगत होता: मादी अंडी घालून मोकळी, नर सात-आठ आठवडे उबवत बसतो आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. (इथे आईने बाबांकडे पाहिलं.) पाठीवरच्या चरबीचं तेल निघतं, सांधेदुखीवर. मांसात चरबी कमी. कातडं, पिसं, नखं, काही वाया जात नाही. कुठल्याही हवेत राहतो.

माझ्या मामेबहिणीने विचारलं, "याच्या एका अंड्याचं आमलेट सगळ्यांना पुरंल का?" प्रश्न रास्त होता, एक अंडं म्हणजे कोंबडीची दहा-बारा अंडी. मालक म्हणाला, "बाळा, एका अंड्याचे हजार रुपये. फोडायचं न्हाई, पिल्लू काढायचं." "मग खातं कोण?" "परदेशात जातंय की सगळं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा बँकेत होते, त्यांनीसुद्धा.

अख्ख्या दिवसातला एकमेव कामाचा प्रश्न आठ वर्षांच्या पोरीने विचारला होता, आणि आम्ही तो हसण्यावारी नेला.

पुढच्याच महिन्यात मामाने पिल्लांच्या तीन जोड्या घेतल्या. काही पैसे उसाच्या बिलाचे, काही सोसायटीचे, आणि कमी पडले ते आईच्या पाटल्यांचे. आईने स्वतःहून काढून दिल्या. भाऊ आहे.

आता थोडा इतिहास. कारण या पक्ष्याने शेतकऱ्याला रडवलं ते काही पहिल्यांदा नाही.

पहिल्या महायुद्धानंतर पश्चिम ऑस्ट्रेलियात परतलेल्या सैनिकांना गव्हासाठी जमिनी दिल्या होत्या. मंदीत गव्हाचे भाव पडले आणि १९३२ मध्ये कॅम्पियन भागात सुमारे वीस हजार इमू शेतात घुसले. सैनिकच ते, त्यांनी सरकारकडे मशीनगन मागितल्या! नोव्हेंबरमध्ये मेजर मेरेडिथ दोन लुईस गन आणि दहा हजार गोळ्या घेऊन आले. इमू लहान लहान टोळ्यांत पांगायचे आणि ताशी पन्नास किलोमीटरने पळायचे. आठवड्याभरात माघार, मग पुन्हा मोहीम, डिसेंबरमध्ये ती गुंडाळली. मेजरसाहेबांनी हिशोब दिला: ९,८६० गोळ्या, ९८६ इमू. बरोब्बर दहाला एक. असा डेटा माझ्या टेस्टरने आणून दिला तर मी त्याला परत पाठवीन. असो.

दुसरा अंक अमेरिकेत. नव्वदच्या दशकात तिथे, टेक्सासात विशेष, इमूची लाट आली. जोडीचे भाव हजारो डॉलरवर गेले. तेजी होती तोवर प्रत्येक जण पैदाशीची जोडी विकत होता, मांस विकणारे थोडे आणि खाणारे त्याहून थोडे. दशक संपायच्या आत भाव कोसळले आणि खाद्य परवडेना म्हणून लोकांनी पक्षी मोकळे सोडून दिले. आणि साधारण त्याच सुमारास इमू भारतात शिरत होता. आधी आंध्रात, मग तामिळनाडूत आणि आपल्याकडे.

आता माझ्या धंद्यातलं गणित. एका जोडीची वर्षाला धरा वीस अंडी, निम्मी पिल्लं जगली तर दहा, म्हणजे पाच जोड्या. तीन जोड्यांच्या पंधरा झाल्या. त्या विकायच्या तर तीन-तीन जोड्या घेणारे पाच नवे शेतकरी हवेत. दोन वर्षांनी त्या पाचांना पंचवीस, मग सव्वाशे, मग सव्वासहाशे. आठ वर्षांत एकूण ७८१ शेतकरी. धाराशिव जिल्ह्यात गावं आहेत सातशेच्या आसपास. म्हणजे गावटी एक इमू फार्म, आणि खाणारा अजून कोणीच नाही! रिकर्शन लिहिताना पहिलं शिकवतात की ते थांबायची अट लिही. इथे ती अट म्हणजे ताटात इमू वाढून घेणारा माणूस, आणि तोच लिहायचा राहिला होता.

तामिळनाडूत पेरुंदुराईच्या सुसी इमू फार्म्सने तर हे सगळं ठेवीच्या रूपातच विकलं. दीड लाख भरा, सहा पिल्लं सांभाळा, महिन्याला सहा हजार घ्या. वर्षाला अठ्ठेचाळीस टक्के झाले! ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनी बसली. ठेवीदार पोलिसांत गेले, आणि हजारो उपाशी पक्ष्यांना सरकारी पशुवैद्यक खात्याने दाणा घातला.

मामाच्या माद्यांनी त्याच वर्षी थंडीत पहिली अंडी दिली होती. पिल्लं परत घेण्याचा शब्द देणाऱ्याचा फोन उन्हाळ्यात बंद झाला. मग पाऊस आला नाही. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी मराठवाड्यात काढला त्यांना सांगायला नको. टँकर, गुरांसाठी चारा छावण्या. मामा तेव्हा विनोद करायचा, "बैलांना छावणीत घेत्यात, हेंला कोण घेणार? जातीचा दाखला न्हाई." इमू कडबा खाऊन भागवत नाही, त्याला विकतचं खाद्य लागतं. दोन पक्षी मेले. उरलेले मामाने सोलापूरकडच्या एका रिसॉर्टला फुकट दिले, पोरांना बघायला. टेम्पोचं भाडंही यानेच भरलं.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. मामाच्या गोठ्याच्या मागे तेव्हाही आजीच्या चार शेळ्या होत्या. काळ्याभोर, उस्मानाबादी. ही जात या जिल्ह्याच्याच नावाने देशभर ओळखली जाते. बाभळीच्या शेंगा, बांधावरचा पाला खाऊन जगते, बऱ्याचदा जुळी देते, आणि गिऱ्हाईक आठवडी बाजारात उभं असतं. आम्ही त्या दिवशी त्यांच्या समोरून जीप काढून परदेशी पक्षी बघायला गेलो. पण मामाला हसणं मला जमत नाही. ऊस, पाणी, कर्ज या चक्रातून सुटायचा जो रस्ता दाखवला, तो त्याने धरला. २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथ कोंबडीचं तेच झालं, आणि तिथे तर शिकलेली पोरंही होती.

गेल्या दिवाळीत मामा पुण्याला आला. शेळ्या आता बावीस झाल्यात. जेवण झाल्यावर त्याने रुमालात बांधलेली एक पाटली आईसमोर ठेवली. नवी घडवलेली. आई म्हणाली, "अरे, राहू दे ना." तो म्हणाला, "दुसरी पुढल्या बकरी ईदला. सात बोकडं तयार हायत."