पेरावे केव्हा? जालन्याच्या उन्हाळी भाजीमळ्याची हकीकत

वाचकहो, भाजीचे बी मातीत केव्हा टाकावे, हा प्रश्न दिसायला अगदी लहान. पण प्रत्येक मुलखाने त्याचे उत्तर आपल्यापुरते शोधले आहे आणि त्या उत्तरात त्या मुलखाचा इतिहास दडलेला असतो.

इंग्लंडातला किंवा उत्तर अमेरिकेतला माळी वसंत ऋतूची वाट पाहतो ती थंडीच्या धाकाने. एका रात्रीत दंव गोठले की कोवळी रोपे काळी पडतात. म्हणून शेवटचे गोठते दंव साधारण कोणत्या तारखेला पडते, हे तो ध्यानात ठेवतो आणि तिथून पुढे दिवस मोजतो. आपल्याकडे काश्मीरच्या खोऱ्यातही बर्फ सरल्याशिवाय मळ्याला हात लागत नाही.

आता जालन्याकडे या. पौषात इथेही रात्री चांगलेच कुडकुडायला होते, पण जमीन काही गोठत नाही. मग काय, वाटेल तेव्हा पेरावे? तसे नाही. भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले ही सारी उबेची पिके. गार मातीत त्यांचे बी उगवायला फार वेळ घेते, पुष्कळदा कुजूनही जाते. म्हणून संक्रांत होऊन उन्हाला जरा धार येईपर्यंत थांबावे लागते. हे झाले एक टोक. दुसऱ्या टोकाला उभा असतो वैशाख. पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, फुले गळतात आणि विहिरीचा तळ दिसू लागतो. या दोन टोकांच्या मध्ये जे शंभरेक दिवस सापडतात, तोच आपला उन्हाळी मळा. थंड मुलखातला माळी थंडी सरल्यापासून पुढे मोजतो, तर आपला शेतकरी पाणी सरण्याच्या दिवसापासून मागे मोजतो. सगळा फरक एवढ्यात आला.

हे मोजायचे कशावर? आपल्या पूर्वजांनी पहिले घड्याळ आकाशात पाहिले. सण आपण चंद्राच्या तिथीने करतो, पण चंद्राचे वर्ष ३५४ दिवसांचे. ते सूर्यापेक्षा सुमारे ११ दिवसांनी मागे पडते आणि अधिक महिना घालून त्याला पुन्हा जागेवर आणावे लागते. त्यामुळे माघ कधी लवकर लागतो, कधी उशिरा. शेतीला असे भागत नाही. म्हणून शेतकऱ्याने सूर्याची नक्षत्रे धरली. एकेका नक्षत्रात सूर्य तेरा-चौदा दिवस राहतो. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, असे हे पाठ झालेले कोष्टक. संक्रांतही सूर्याचीच, म्हणून मळ्याला ती भरवशाची खूण वाटली.

या कोष्टकाला राजदरबारीही मान होता. चौदाव्या शतकापासून दक्षिणेत शुहूर सन चालू झाला आणि मराठ्यांच्या कागदपत्रांतही तो सर्रास सापडतो. सूर्य मृगात शिरला की हे वर्ष बदलायचे, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. म्हणजे कुणब्याच्या पेरणीचा दिवस तोच दफ्तराचा नववर्षदिन!

पुढे मोगलांचा अंमल आला. हिजरी सन निव्वळ चंद्राचा. त्यात सारावसुलीची तारीख दरवर्षी पिकाच्या पुढे पळायची. पीक शेतात उभे आणि सारा मागायला माणूस दारात, असा तो प्रकार. म्हणून अकबराने पिकाशी मिळते घेणारे फसली साल सुरू केले आणि शहाजहानच्या काळात ते दक्षिणेत आले. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथल्या कचेऱ्यांत हेच फसली साल चाले, त्याचा आरंभ आझूर महिन्याने, ऑक्टोबरात होई. आजही जुन्या कागदांत आझूर, दै, बहमन ही महिन्यांची नावे वाचायला मिळतात. फसल म्हणजे पीक. सालाच्या नावातच पीक आहे.

पण आकाशाचे घड्याळही किंचित सरकते बरे का! आपल्या पंचांगातले सौर वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा थोडे मोठे आहे. साठ-सत्तर वर्षांत एक दिवस, अशा चालीने मृग पुढे जातो. शिवकालापासून आजवर हा फरक पाच-सहा दिवसांचा झाला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीने हाच हिशेब तपासला. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली. आकाशवाणीवर तुम्ही सौर तारीख ऐकता, ती हीच.

आकाशाचे घड्याळ काळ सांगते, पण पाणी सांगत नाही. ते सांगायला दुसरे घड्याळ लागते, ते म्हणजे विहीर. जालन्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. खाली काळा खडक. त्याच्या भेगांतून जे झिरपते, तेवढीच शिल्लक. मोटेच्या दिवसांत बैल धावेवरून उतरत, पाणी थारोळ्यात पडे, तिथून पाटाने वाफ्यात जाई. दोर किती खाली सोडावा लागतो आणि उपसलेली विहीर किती वेळात पुन्हा भरते, यावरून घरातला जाणता माणूस ठरवी, औंदा मळा किती वाफ्यांचा. कारण त्याच विहिरीवर बैलांचे आणि माणसांचेही पाणी असे. इथे अंदाज चुकला तर नुसती भेंडी वाळत नसे. घरच्या बाईला घागर घेऊन दुसऱ्याच्या विहिरीवर जावे लागे.

स्वातंत्र्यानंतर बियाणे बदलले. भेंडीची पाने पिवळी पाडणारा केवडा हा रोग पांढरी माशी पसरवते आणि पावसाळी पिकाला तो फार छळतो. त्याला तोंड देणारी पुसा सावनी ही जात दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत तयार झाली. नावातच सावन, म्हणजे श्रावण. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांच्या बीजकार्याची सुरुवात याच भेंडीपासून झाली. १९६४ साली त्यांनी जालन्यात महिको ही संस्था काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे पुसा सावनीही केवड्याला बळी पडू लागली, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी क्रांती ही जात दिली. चांगल्या बियाण्याने पेरणीची मुदत रुंदावली, हे खरे.

पाण्याचीही सोय वाढली. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी, परतूर भागाला पाणी दिले. विजेचे पंप आले, बोअर आले. मोट गेली आणि तिच्याबरोबर दोर मोजायची सवयही गेली. बटण दाबले की पाणी येते, पण शिल्लक किती ते दिसत नाही. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला होताच. १९८१ साली वेगळा झालेला हा जालना जिल्हा २०१२-१३ मध्ये पुन्हा तहानला; मोसंबीच्या बागा वाळल्या, गावोगाव टँकर फिरले.

तेव्हा वाचकहो, यंदा मळा करायचा असेल तर संक्रांतीच्या सुमारास विहिरीत दोर सोडून पाणी मोजा. एक दिवस उपसा करून ती किती वेळात भरते ते पाहा. गेल्या वर्षी पाणी केव्हा आटले ते आठवा. मग मागे मोजा. भेंडी दीड महिन्याने तोडणीला येते आणि पुढे दीड-दोन महिने चालते. पाणी एप्रिलअखेर टिकणार असेल तर जानेवारीच्या शेवटी ती खुशाल पेरा. मार्चातच विहीर तळ गाठणार असेल तर भेंडीचा मोह सोडा आणि महिना-सव्वा महिन्यात हाती येणाऱ्या मेथी-पालकाचे दोन वाफे करा. पंचांग भिंतीवर असू द्या, हवामानाचा अंदाजही ऐका. पण शेवटचा कौल मात्र विहिरीचाच घ्या.