पायऱ्या, दोर आणि शेततळं

मंठ्याहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की चारठाणा येतं. यादवकालीन मंदिरांसाठी हे गाव ओळखलं जातं, आणि तिथली दगडी बारवही तितकीच पाहण्यासारखी आहे. मराठवाड्यातल्या बारवा बांधणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षानं पाळली: पाणी कितीही खाली गेलं तरी माणसाला पायऱ्यांनी तिथवर उतरता यावं आणि तसंच वर येता यावं.

मोटेच्या विहिरींना अशा पायऱ्या नेहमी नसत, पण रिवाज होते. पोरांना पोहायला शिकवताना पाठीला पांगाऱ्याचं लाकूड किंवा वाळलेला भोपळा बांधत. पुढं रिकामा पत्र्याचा डबा आला. कमरेला दोर आणि त्याचं दुसरं टोक काठावरच्या थोरल्या माणसाच्या हातात. एकट्या पोरानं विहिरीवर जायचं नाही, हे घरोघरी बजावलेलं असे.

सगळेच रिवाज भले नव्हते. पाणवठ्यावर कोणी यायचं आणि कोणी नाही, हे जात ठरवत होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते हाच अन्याय मोडण्यासाठी.

१९७२च्या दुष्काळानं पाण्याचा कारभार सरकारी कागदावर आणला. रोजगार हमीच्या कामांतून पाझर तलाव झाले, बोअर खोल जाऊ लागले. १९९३च्या भूजल कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली. तरी टंचाई हटली नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या.

मग शेततळ्यांचे दिवस आले. जालन्याजवळच्या कडवंचीनं पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या, आणि ते गाव राज्यभर दाखल्यासारखं सांगितलं जाऊ लागलं. फेब्रुवारी २०१६मध्ये राज्य सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ योजना काढली. तेव्हा अनुदान जास्तीत जास्त ५० हजार रुपये होतं. सर्वात मोठं माप होतं ३० बाय ३० बाय ३ मीटर.

हे माप नीट पाहायला हवं. बाजूंना एकास एक उतार धरला तर अशा तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. ऑलिंपिकचा जलतरण तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल धरला तर त्यात २५ लाख लिटर मावतं. म्हणजे कोरडवाहू रानात जवळपास तेवढाच जलसाठा एका कुटुंबाच्या मालकीचा झाला. खोदलेली माती चहूबाजूंनी भरावाला लागते, त्यामुळे तळं जमिनीच्या वर उठलेलं दिसतं आणि आतलं पाणी बाहेरून दिसतही नाही.

पाणी मुरू नये म्हणून आत प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. ओला झालेला हा कागद निसरडा होतो. पंचेचाळीस अंशांच्या त्या उतारावर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही लागत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन घसरतो आणि दमून बुडतो. उन्हाच्या तडाख्यात तळ्यात उतरलेली मुलं दगावल्याच्या बातम्या मराठवाड्यात उन्हाळ्यामागून उन्हाळे येत आहेत. वाचवायला गेलेले आईबापही त्यांत असतात.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यानं १९९२मध्ये घरगुती जलतरण तलावांसाठी कायदा केला. ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल पाणी धरू शकणाऱ्या तलावाला तिथं मुलांना ओलांडता येणार नाही असं कुंपण लागतं. जमिनीवर ठेवायचा, हवा भरून फुगवायचा तलावही त्यातून सुटत नाही. आपल्याकडचं शेततळं त्या ३० सेंटिमीटरच्या दहापट खोल असतं.

आपल्या योजनांनी जमीन, माप आणि अनुदान यांचे नियम बारकाईनं आखले. तितकीच काळजी पाण्यात पडलेल्या माणसाच्या सुटकेची व्हायला हवी होती. कुंपण, कुलूप लागणारं फाटक, चारही बाजूंना काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडलेले गाठींचे दोर आणि हवा भरलेल्या दोन-चार ट्यूब एवढ्यानं जीव वाचतात. लाखो रुपये घालून तळं बांधणाऱ्याला हा खर्च जड नाही. अनुदानाचा शेवटचा हप्ता कुंपण आणि दोर पाहिल्याशिवाय देऊ नये, अशी अट सरकारनं घालावी. आणि ज्यांची तळी आज भरलेली आहेत, त्यांनी त्या अटीची वाट न पाहता या उन्हाळ्याआधीच दोर बांधावेत.