चिनहटची भूमी आणि घराचा विचार

लखनौच्या पूर्वेस, फैजाबादच्या जुन्या रस्त्यावर वसलेले चिनहट इतिहासाला ठाऊक आहे ते ३० जून १८५७ च्या संग्रामामुळे. त्या दिवशी सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेला येथून माघार घ्यावी लागली आणि रेसिडेन्सीच्या वेढ्यास प्रारंभ झाला. पुढे हे गाव मातीच्या भांड्यांसाठी नावाजले आणि १९९२ साली टाटांचा मोटार कारखाना येथे सुरू झाला.

रोजगार आला की शेतजमिनीकडे घराची जागा म्हणून पाहिले जाते. मात्र ती घेणे परवडेल की नाही, हे कर्जाचा दर ठरवितो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ टक्के झाला. वीस वर्षांच्या कर्जाचे व्याज ७ वरून ९ टक्क्यांवर गेल्यास लाखामागे मासिक हप्ता सुमारे ७७५ रुपयांवरून ९०० रुपयांवर जातो.

म्हणूनच नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबाने जागा घेताना भाववाढीच्या वार्तांपेक्षा बदलीची शक्यता आणि वाढीव हप्त्याचा भार आधी मोजावा. व्याज चढले तरी संसार निर्वेध चालेल, एवढेच कर्ज काढणे श्रेयस्कर होय.