एका वाया गेलेल्या सकाळीमुळे जन्माला आलं 'मेक'. सॉफ्टवेअरचं 'बिल्ड' आपोआप कसं होतं?

ॲपचं अपडेट आलं की आपण एक बटण दाबतो आणि विसरून जातो. पण प्रोग्रामरने लिहिलेला कोड सहसा जसाच्या तसा फोनवर पाठवला जात नाही. शेकडो, कधी हजारो फाईल्स मशीनला कळतील अशा रूपात बदलायच्या, एकमेकींना जोडायच्या आणि त्यातून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायचं, या प्रक्रियेला 'बिल्ड' म्हणतात. दरवेळी हाताने कमांड टाईप करून हे केलं, तर एखादी पायरी कधी ना कधी राहतेच.

सुरुवात कशी झाली?

साल होतं 1976. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन एका प्रोग्राममधली चूक शोधत होते. त्यात अख्खी सकाळ गेली. शेवटी कळलं, की चूक तर आधीच दुरुस्त झाली होती. फक्त ती फाईल पुन्हा कंपाईल करायची राहिली होती. म्हणजे चालत होता तो जुनाच प्रोग्राम!

वैतागलेले जॉन्सन सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे गेले. फेल्डमन यांनाही आदल्याच संध्याकाळी हाच अनुभव आला होता. त्यांनी त्याच वीकेंडला 'मेक' नावाचं टूल लिहिलं. या कामासाठी त्यांना 2003 सालचा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला.

मेक नेमकं करतं काय?

पुरणपोळीचं उदाहरण घ्या. पुरण गोडाला कमी पडलं तर पुरण पुन्हा करावं लागतं, पोळ्याही नव्याने लाटाव्या लागतात. पण कणीक परत मळायची गरज नसते. मेकचं डोकं असंच चालतं.

'मेकफाईल' नावाच्या साध्या फाईलमध्ये तीन गोष्टी लिहायच्या: काय बनवायचं, ते कशावर अवलंबून आहे आणि त्यासाठी कोणती कमांड चालवायची. मग टर्मिनलवर 'मेक' एवढंच टाईप करायचं. मूळ फाईल तिच्यापासून बनलेल्या फाईलपेक्षा नवी आहे का, हे मेक दोन्हींच्या वेळेवरून ओळखतं आणि तेवढाच भाग पुन्हा तयार करतं.

साधी शेल स्क्रिप्ट सगळ्या कमांड ओळीने चालवते. मध्येच एखादी फसली, तरी थांबायला सांगितलेलं नसेल तर ती पुढे जाते. मेक मात्र चूक दिसताच थांबतं.

टॅबची गंमत

मेकफाईलमध्ये कमांडची ओळ 'टॅब'नेच सुरू करावी लागते. स्पेस दिली की एरर! हा नियम त्रासदायक आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आलं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते. त्यांचं काम बिघडू नये म्हणून नियम तसाच ठेवला. तो आजही बहुतेकांना छळतो.

एक पायरी राहिली तर?

1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीने याची किंमत मोजली. तिथे चूक बिल्डमध्ये नव्हती, तर त्यापुढच्या टप्प्यात होती. नवा कोड 8 सर्व्हरवर टाकायचा होता, पण एक सर्व्हर राहून गेला. त्यावरचा जुना कोड जागा झाला आणि चुकीच्या ऑर्डर सुटत गेल्या. साधारण 45 मिनिटांत कंपनीचं 46 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. कोणी दुसऱ्याने तपासावं, असा लेखी नियमही तिथे नव्हता.

आज काय वापरतात?

लिनक्स कर्नल आजही मेकनेच बिल्ड होतं. अँड्रॉइड ॲपसाठी 'ग्रेडल' वापरतात. 'गिटहब ॲक्शन्स'सारख्या सेवा तर कोड बदलताच बिल्ड आपोआप सुरू करतात.

स्क्रिप्टही चुकू शकते. पण तिच्यातली चूक लिहिलेली असते, त्यामुळे ती सापडते आणि एकदा दुरुस्त केली की सगळ्यांसाठी दुरुस्त होते. माणूस काय विसरला, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.