छत्तीस दिवसांचा इतिहास: बिग टेनचा फुटबॉल आणि 'कारण' या शब्दाचे दोन अर्थ

साथीच्या काळाचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रुग्णांचे आकडे येतात, लसींच्या तारखा येतात. पण त्या काळात निर्णय कसे झाले, ते कोणी घ्यायला लावले आणि कोणी फिरवायला लावले, हाही इतिहासच आहे. आज आपण असा एकच निर्णय बघणार आहोत. तो अमेरिकेतला आहे, २०२० सालचा आहे आणि वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. कॉलेजातल्या मुलांचे फुटबॉलचे सामने व्हायचे की नाहीत? ११ ऑगस्टला 'नाही' ठरलं, १६ सप्टेंबरला 'हो' ठरलं. मधल्या छत्तीस दिवसांत काय झालं, हा आपला विषय.

आधी थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, एकमेकांच्या अंगावर धडकून खेळायचा हा खेळ आहे. साथीत 'अंतर ठेवा' म्हणतात, तर या खेळाचा पायाच अंतर न ठेवण्याचा! आणि तिथे कॉलेजचा सामना म्हणजे आपल्याकडच्या गॅदरिंगमधला सामना नव्हे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात. 'बिग टेन' हा अशा विद्यापीठांचा एक संघ, १८९६ मध्ये स्थापन झालेला. नावात दहा असले तरी २०२० मध्ये त्यात चौदा विद्यापीठं होती. दूरचित्रवाणीचे हक्क वगैरे धरून त्यातल्या जुन्या सदस्यांना वर्षाकाठी प्रत्येकी पाच कोटी डॉलरांहून जास्त मिळत. पोहणं, जिम्नॅस्टिक्स, टेनिस हे बाकीचे खेळ बऱ्याच अंशी याच पैशावर चालतात.

आणि खेळाडूंना काय मिळत असे? शिष्यवृत्ती. पगार नाही. त्यांना म्हणायचं 'विद्यार्थी-खेळाडू'. हा शब्द साधा दिसतो, पण तो विचार करून घडवलेला आहे. १९५० च्या दशकात कोलोरॅडोत एका कॉलेज खेळाडूचा सामन्यातल्या दुखापतीने मृत्यू झाला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडूंना नोकर समजलं जाईल या धास्तीतून आपण हा शब्द रुजवला, असं कॉलेज क्रीडासंघटनेचे, म्हणजे एनसीएएचे, प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. हा शब्द लक्षात ठेवू. शेवटी तो परत लागेल.

आता २०२० चा ऑगस्ट. अमेरिकेत दीड लाखाहून जास्त माणसं कोविडने गेली होती. आयव्ही लीगच्या विद्यापीठांनी जुलैमध्येच सामने बंद केले होते. बिग टेनने ५ ऑगस्टला नवं वेळापत्रक जाहीर केलं, आणि सहाच दिवसांनी, ११ ऑगस्टला, सगळा मोसम पुढे ढकलला. त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ नेही तेच केलं. दक्षिणेतल्या मोठ्या संघांनी मात्र खेळायचं ठरवलं. डॉक्टरांची एक मोठी काळजी होती हृदयाची. कोविडनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येते का, हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. ओहायो स्टेटच्या डॉक्टरांनी सप्टेंबरमध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तपासलेल्या २६ खेळाडूंपैकी चौघांच्या हृदयात अशा सुजेच्या खुणा दिसल्या. २६ हा आकडा लहान आहे, त्यावरून फार मोठं काही म्हणता येत नाही. पण चार हाही आकडा डोळ्याआड करण्यासारखा नव्हता.

मग ओरड सुरू झाली. ती सगळीच राजकीय होती असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. ओहायो स्टेटचा मुख्य खेळाडू जस्टिन फील्ड्स याने खेळू द्या असा अर्ज फिरवला, त्यावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. पालकांनी शिकागोजवळच्या बिग टेनच्या कार्यालयाबाहेर निदर्शनं केली. नेब्रास्काचे आठ खेळाडू कोर्टात गेले. आणि खुद्द बिग टेन कसं वागलं? आयुक्त केव्हिन वॉरन यांनी १९ ऑगस्टला खुलं पत्र काढलं. निर्णयाला भरघोस पाठिंबा होता, त्याचा फेरविचार होणार नाही, असं त्यात होतं. पण कोणी कसं मत दिलं ते सांगितलं नाही. ११ विरुद्ध ३ हा आकडा बाहेर आला तो कोर्टाच्या कागदपत्रांतून. विरोधातले तिघे म्हणजे नेब्रास्का, आयोवा आणि ओहायो स्टेट. निर्णय घ्यायचा, पण त्याची कारणं लोकांपुढे नीट मांडायची नाहीत, अशी जागा मोकळी सोडली की तिथे कोणीतरी दुसरा येऊन बसतो. आणि तसंच झालं.

नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांमुळे जिंकले होते. तिन्ही राज्यं मिळून त्यांची आघाडी ऐंशी हजार मतांच्या आत होती. आणि ही तिन्ही राज्यं बिग टेनची! शनिवारी दुपारी फुटबॉल बघणारं घर म्हणजे इथे मतदाराचं घर. ट्रम्प यांनी 'खेळू द्या'ची बाजू आधीच घेतली होती. १ सप्टेंबरला त्यांनी वॉरन यांना फोन केला आणि गोल आता अगदी एका यार्डावर आहे, अशा अर्थाचं जाहीरही करून टाकलं. दुसऱ्या बाजूनेही संधी सोडली नाही. बायडन यांच्या प्रचाराने रिकाम्या स्टेडियमांची चित्रं दाखवली आणि साथ हाताळता आली नाही म्हणून तुमचा फुटबॉल गेला, असं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात सहा राज्यांतल्या रिपब्लिकन विधिमंडळ नेत्यांनी बिग टेनला पत्र लिहिलं.

१६ सप्टेंबरला निर्णय फिरला, आणि तोही एकमताने. ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात सामने सुरू करायचे, खेळाडूंची रोज अँटिजेन चाचणी करायची, बाधित खेळाडूला किमान २१ दिवस बाहेर ठेवायचं आणि त्याच्या हृदयाची तपासणी करायची. ट्रम्प यांनी श्रेय घेतलं. नॉर्थवेस्टर्नचे अध्यक्ष मॉर्टन शापिरो यांनी मात्र सांगितलं, की आपलं मत बदललं ते राजकारणामुळे नाही, पैशामुळे नाही, कोर्टकज्जामुळे नाही, तर वैद्यकीय तज्ज्ञांच्या मतामुळे.

कोणाचं खरं मानायचं? इथे थोडं थांबू.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवत असताना पहिल्याच आठवड्यात मुलांना दोन प्रश्न घालत असू. 'छप्पर का पडलं?' आणि 'तू परीक्षेला का बसला नाहीस?' मराठीत दोन्हींच्या उत्तराला आपण 'कारण' म्हणतो. पण छप्पर वाऱ्याने पडलं, त्यात वाऱ्याची बाजू बरोबर की चूक असा प्रश्नच येत नाही. वारा ढकलतो, एवढंच. मुलाने दिलेलं कारण मात्र पटणारं असतं किंवा नसतं, त्यावर वाद घालता येतो. न्यायदर्शनाने यासाठी शब्दच वेगळे ठेवले. घटना घडवतं ते 'कारण', आणि अनुमानात जो पुरावा म्हणून पुढे ठेवला जातो तो 'हेतू'.

आता शापिरो यांच्याकडे सांगायला खरा हेतू होता. ऑगस्टच्या शेवटी झटपट चाचण्यांना मान्यता मिळत होती, रोज चाचणी करणं शक्य होत होतं. ११ ऑगस्टला ते शक्य नव्हतं. परिस्थिती बदलली म्हणून मत बदललं, यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, उलट तो शहाणपणा आहे. पण मधल्या काळात एवढे लोक एवढ्या जोराने ढकलत होते, की हेतू खरा असूनही तो खरा आहे हे त्यांना दाखवता येईना. राजकीय दबावाने नेहमी चुकीचाच निर्णय होतो, असं आपलं म्हणणं नाही. आपलं म्हणणं असं आहे, की दबावाखाली झालेला बरोबर निर्णयसुद्धा बरोबर म्हणून ओळखता येत नाही. तज्ज्ञांचं मत आणि ढकलाढकली एकाच दिशेला जाऊ लागली की बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखीच दिसतात. पुढच्या वेळी तेच तज्ज्ञ 'थांबा' म्हणाले, तर त्यांचं ऐकायचं कोणी?

कोणी म्हणेल, मग राष्ट्राध्यक्षांनी खेळात लक्षच घालू नये का? तसंही नाही. १९०५ मध्ये फुटबॉलच्या मैदानावर इतके मृत्यू झाले, की थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. हाही दबावच होता. त्यातून नियम बदलले आणि पुढे जी संस्था उभी राहिली तीच आजची एनसीएए. फरक एवढाच, की रूझवेल्ट विचारत होते, मुलं जिवंत कशी राहतील? २०२० मध्ये दोन्ही पक्षांचा प्रश्न होता, सामने नसल्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा?

पुढे काय झालं तेही बघू. विस्कॉन्सिन विद्यापीठाने सप्टेंबरमध्ये साथ वाढली म्हणून पदवीचे वर्ग दोन आठवडे ऑनलाइन नेले. म्हणजे निर्णय फिरला त्या दिवशी तिथले वर्ग बंद होते आणि मैदान उघडायचं ठरत होतं. २३ ऑक्टोबरला त्यांचा पहिला सामना झाला आणि लगेच संघात लागण पसरून पुढचे दोन रद्द झाले. ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचा सामना १९१८ च्या फ्लूच्या वर्षापासून एकदाही चुकला नव्हता, तो डिसेंबरमध्ये मिशिगनच्या संघातल्या लागणीमुळे रद्द झाला. अजिंक्यपदाच्या लढतीसाठी किमान सहा सामने हवेत, असा बिग टेनचाच नियम होता. ओहायो स्टेटचे पाचच झाले होते. मग नियमच काढून टाकला.

आता तो सुरुवातीचा शब्द. खेळाडूंना खेळायचंच होतं, हे खरं आहे. पण ९ ऑगस्टच्या रात्री क्लेम्सनचा ट्रेव्हर लॉरेन्स, फील्ड्स आणि इतर खेळाडूंनी मिळून जे निवेदन काढलं, त्यात 'आम्हाला खेळायचंय' हे पहिलं वाक्य होतं. शेवटचं वाक्य नव्हतं. सगळ्यांना सारखे आरोग्यनियम हवेत, न खेळण्याची मोकळीक हवी, आणि पुढे जाऊन खेळाडूंची स्वतःची संघटना हवी, असंही त्यात होतं. राजकारण्यांनी पहिलं वाक्य उचललं आणि बाकीची सोडून दिली. 'मुलांचंच म्हणणं आहे' असं सगळे सांगत राहिले. मुलांचं पुरं म्हणणं मात्र एकाही प्रचारसभेचा विषय झालं नाही. स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा त्यांना मिळाली ती जुलै २०२१ मध्ये. आणि त्यामागे २०२० चे फोन नव्हते, तर राज्यांचे कायदे आणि न्यायालयांतली लांबलचक लढाई होती.

तेव्हा साथीच्या काळातला कुठलाही निर्णय तपासताना आपण दोन प्रश्न वेगळे ठेवू. हा निर्णय कशाने घडला? आणि ज्यांच्या जिवावर तो घेतला, त्यांच्यासमोर उभं राहून त्याचा कोणता हेतू सांगता येईल? बिग टेनने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ११ ऑगस्टलाच, मतांसकट आणि वैद्यकीय कागदांसकट दिलं असतं, तर १६ सप्टेंबरला त्यांच्यावर विश्वास ठेवणं लोकांना सोपं गेलं असतं.

आज इथेच थांबू. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ.