शिडाच्या बोटीवर वॉटरप्रूफ कॅमेरा : निवड आणि वापर

डोंबिवलीच्या पश्चिमेला उल्हास नदीची खाडी आहे. पण शिडाच्या बोटीतून खऱ्या समुद्रावर जायची हौस असेल, तर डोंबिवलीकर लोकलने सुमारे 48 किलोमीटरवरचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठतो आणि तिथून गेटवे ऑफ इंडिया. मुंबईत शिडाच्या बोटींची परंपरा जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना 1846 ची. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. अशा पहिल्या-दुसऱ्या फेरीनंतर बहुतेकांना वाटते, की हे सगळे कॅमेऱ्यात पकडावे. मग दुकानात किंवा ऑनलाइन शोध सुरू होतो आणि पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, 'किती मीटर खोल चालतो?'

बोटीसाठी हा प्रश्न दुय्यम आहे. बोटीवरचा कॅमेरा सहसा खोलीमुळे बुडत नाही. तो जातो दोन कारणांनी: दोरीने बांधलेला नसतो, किंवा बॅटरीचे झाकण नीट बसलेले नसते.

आकडे काय सांगतात

पाण्यापासून संरक्षणाची प्रतवारी आयईसी 60529 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरते. आयपीएक्स-7 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटे. आयपीएक्स-8 म्हणजे त्याहून कठीण परीक्षा. खोली आणि वेळ उत्पादक ठरवतो. यात दोन गोष्टी सहज निसटतात. एक, चाचणी गोड्या पाण्यात होते; समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. दुसरे, बुडवण्याच्या परीक्षेत पास झालेली वस्तू जोराच्या फवाऱ्याच्या परीक्षेत (आयपीएक्स-5 आणि 6) आपोआप पास होत नाही. नाळेवर आदळून उसळणारे पाणी म्हणजे फवाराच. म्हणून मोबाइलवर नुसते 'वॉटरप्रूफ' लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये. शिवाय ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, आणि प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये आतून वाफ धरते.

गोप्रोचे सध्याचे मुख्य मॉडेल वेगळ्या पेटीशिवाय 10 मीटरपर्यंत चालतात, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन 4 हा 18 मीटरपर्यंत. बोटीवर उडणारे पाणी आणि बोट उलटली तर होणारी डुबकी यांसाठी 10 मीटर पुरेसे आहेत. जुना कॅमेरा घेताना मात्र सावध राहावे. गोप्रोचे हिरो-4 आणि त्याआधीचे बहुतेक कॅमेरे फक्त पारदर्शक पेटीत घातले तरच पाण्यात चालतात. मुख्य मॉडेलमध्ये पेटीशिवायची सोय 2016 च्या हिरो-5 पासून आली. स्वस्त नकली कॅमेऱ्यांचेही तेच: वॉटरप्रूफ असते ती पेटी, कॅमेरा नव्हे. आणि पेटीत आवाज दबतो.

वापरलेला कॅमेरा घेताना लेन्सपेक्षा आधी झाकण उघडून बघावे. कडेची रबरी पट्टी चिरलेली, चपटी झालेली किंवा सुटलेली असेल तर झाकण बदलावे लागेल. आतल्या धातूच्या टोकांवर हिरवट किंवा पांढरा थर दिसला, तर खारे पाणी एकदा आत जाऊन आले आहे. असा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आधी दोरी

गोप्रोचा जन्मच पट्ट्यातून झाला. निक वुडमन हा अमेरिकन तरुण लाटांवर सर्फिंग करताना कॅमेरा मनगटाला बांधता यावा म्हणून पट्टा तयार करत होता. 2004 मध्ये आलेले पहिले उत्पादन म्हणजे तो पट्टा आणि 35 मिलिमीटर फिल्मचा साधा कॅमेरा.

मुंबई बंदराचे पाणी गढूळ, तळाला चिखल. पडलेला कॅमेरा आत कोरडा राहिला तरी सापडत नाही. म्हणून कॅमेरा ज्या क्लॅम्पवर बसवला आहे त्यावर भरवसा न ठेवता, वेगळी दोरी थेट बोटीच्या कठड्याला बांधावी. हातात धरायचा असेल तर तरंगणारी मूठ घ्यावी, शक्यतो नारिंगी किंवा पिवळी. ती कॅमेऱ्याचे वजन पेलते का, हे घरी बादलीत तपासावे.

गळ्यात मात्र कॅमेरा अडकवू नये. दिशा बदलताना बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी दांडी, झपाट्याने एका बाजूची दुसऱ्या बाजूला येते. दोरी तिच्यात किंवा शिडाच्या दोरांत अडकली तर गळ्याला फास बसतो. छातीवरचा पट्टाही छोट्या बोटीत अडचणीचा. बोट उलटल्यावर कडेवरून आत चढताना कॅमेरा अडकतो, आणि फुगणाऱ्या लाइफ जॅकेटवरून तो बांधला तर जॅकेट नीट फुगत नाही.

सर्वांत चांगली जागा मागच्या कठड्यावर, सुकाणूच्या मागे. एकदा सुरू करून विसरून जायचे. बोटीवर एक हात बोटीसाठी आणि एक स्वतःसाठी असतो. कॅमेऱ्यासाठी तिसरा नसतो. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. अशा सफरीत कॅमेरा धरायला दुसरा माणूसच नसतो. दोन तासांच्या फेरीतही तसेच समजून चालावे.

चित्र आणि आवाज

रुंद कोनाच्या लेन्समध्ये लाटा लहान दिसतात. अंगावर आलेली लाट घरच्या टीव्हीवर तळ्यातली लहर वाटते, आणि सांगणारा हिरमुसतो. उपाय म्हणजे कॅमेरा खाली, पाण्याच्या जवळ लावणे आणि कोन थोडा अरुंद करणे.

'होरायझन लॉक' सुरू असेल तर क्षितिज स्थिर राहते आणि बोट कललेली दिसते. हे पाहायला सुखद. बंद असेल तर बोट स्थिर आणि क्षितिज हलते. पाहुण्यांना त्याने गरगरेल, पण शिकणाऱ्याला शीड किती ताणले, सुकाणू किती वळवले हे त्यातच नीट समजते.

मुंबईत सकाळी मतलई वारे जमिनीकडून येतात. दुपारी खारे वारे जोर धरतात. चित्रणाला दुपारचा वारा मजेदार, पण तेव्हा सूर्य पश्चिमेला असतो. कॅमेऱ्याचे तोंड पूर्वेला, घारापुरीकडे असेल तर चित्र चांगले येते. मायक्रोफोनवर फोमचे आवरण नसेल तर नुसती घरघर ऐकू येते. पाण्याखालचे चित्रण मुंबईत करू नये. चिखलापलीकडे काही दिसत नाही. ते तारकर्ली-मालवणसाठी ठेवावे.

100 मेगाबिट वेगाने 4-के चित्रण केले तर तासाला सुमारे 45 जीबी जागा लागते. व्ही-30 दर्जाचे 128 जीबी कार्ड तीन तासही पुरत नाही, आणि बॅटरी त्याच्या बरीच आधी संपते. ती कोरड्या हातांनी केबिनमध्ये बदलावी. छोट्या उघड्या बोटीवर झाकण उघडूच नये.

कुठे कॅमेरा बंद ठेवावा

गेटवेच्या उत्तरेला लागूनच नौदलाची गोदी आहे. गोदी आणि तिथल्या युद्धनौकांचे चित्रण 'सहज आले' म्हणूनही चालत नाही. शासकीय गुपिते अधिनियम, 1923 नुसार असे चित्रण गुन्हा ठरू शकते. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राचा किनाराही तसाच. कठड्यावर कॅमेरा सतत चालू असतो तेव्हा हे विसरायला होते, म्हणून बोट त्या बाजूला वळण्याआधीच तो बंद करावा.

घरी आल्यावर

लेन्सवरचे थेंब शर्टाने पुसू नयेत. वाळलेल्या मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. बोटीवर गोड्या पाण्याची छोटी बाटली ठेवावी आणि आधी धुऊन मगच मऊ कापडाने टिपावे.

घरी पोचल्यावर झाकण बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावा. नुसते नळाखाली धरल्याने फटींतले मीठ विरघळत नाही. मग पूर्ण कोरडा करावा आणि झाकण खालच्या बाजूला धरून उघडावे, म्हणजे राहिलेला थेंब आत न जाता बाहेर पडतो. रबरी पट्टीवर वाळूचा कण किंवा केस चिकटला आहे का, ते उजेडात पाहावे. एवढ्याशा केसातून पाणी वाट काढते.

पेटी वापरत असाल तर ती फेरीच्या दिवशी घरी, पंख्याखाली, सिलिका जेलची पुडी घालून बंद करावी. जेट्टीवरच्या दमट हवेत बंद केलेली पेटी पाण्याने थंड झाली की आतली वाफ काचेवर धरते. पावसाळ्यात, फेऱ्या बंद असताना, कॅमेरा कपाटात कापडी पिशवीत ठेवू नये. डोंबिवलीच्या जुलैच्या हवेत लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि बॅटरी काढून वेगळी, अर्धी चार्ज केलेली.